तुम्ही विचारलंत म्हणून : दिवाळी अंकांच्या धबडग्यात सुट्टी कशी जमते?

‘पावसाळाभर टेबलावर दिवाळी अंकांच्या कथा पडलेल्या असतात, मग सुट्टी घेता तरी कधी?’ नव्यानं स्वतंत्र काम करू लागलेले चित्रकार हे हटकून विचारतात. उत्तर जरा रुक्ष आहे. आपण फाइल कशी देतो, यावर सुट्टी ठरते.

अर्थात तारखा आधी बघाव्याच लागतात. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला. गणपतीही २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला गेले. सगळा हंगामच अडीच आठवडे पुढे, म्हणून मागच्या वर्षीच्या अंदाजानं तिकिटं काढू नयेत. संपादकांना ‘चित्रं कधी हवीत?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘शेवटचा फॉर्म (एका ताव्यावर एकत्र छापली जाणारी पानं) छपाईला कधी जाणार?’ हेही विचारावं. जाहिराती शेवटपर्यंत येत राहतात. एक पान वाढलं की पुढची कथा सरकते, पानभर चित्राला अर्धंच पान उरतं, आणि मांडणी करणारा नेमका तेव्हा फोन करतो.

तो फोन येऊ नये अशी सोय चित्रातच करावी लागते. माणसं फाइलमधल्या एका लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, पार्श्वभूमी दुसऱ्यावर आणि पार्श्वभूमी चौकटीबाहेर भरपूर वाढवलेली असली, की उभ्याचं आडवं करायला आपली गरज पडत नाही. अंकाचं नेहमीचं पान सव्वासात बाय साडेनऊ इंच असतं. कडेपर्यंत जाणारं चित्र कापाईच्या तिन्ही बाजूंना ३ मिमी जास्त हवं. शिवणीच्या बाजूला निदान १२ मिमीपर्यंत चेहरा, हात, अक्षर काही ठेवू नये. जाड अंक पुरता उघडत नाही आणि नायिकेचा अर्धा चेहरा खाचेत जातो.

काळ्या रेषेचं काम ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून देणं हा आळस आहे. निदान ६०० डीपीआयला ग्रेस्केल (करड्या छटांचा) स्कॅन, मग १२०० डीपीआय बिटमॅप, म्हणजे निव्वळ काळं-पांढरं. रेषा फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. आरजीबीतला (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला) काळा रंग रूपांतरात चार शायांचा होतो, मशीनवर प्लेट केसभर हलली की रेषेला निळी-तांबडी झालर येते. आतल्या पानांच्या मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते. पडद्यावरचा ४० टक्के करडा छापून पन्नाशीच्या पुढचा दिसतो. छटा आधीच हलक्या ठेवाव्यात, नाहीतर संध्याकाळचं चित्र मध्यरात्रीचं होतं.

फाइलच्या नावात अंक, कथा आणि आवृत्ती असावी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं तर नकोतच. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवली की दर्जा उतरतो. दुरुस्त्या कच्च्या आराखड्यावर दोन, पक्क्या चित्रावर फक्त काटछाट, हे कोटेशनमध्येच लिहावं. सुट्टीपुरता हात जुळणारा एखादा चित्रकार आधी बोलून ठेवावा. त्याचा दरही तेव्हाच ठरवावा, नंतर अवघड होतं.

आता पैसे. पगारी सुट्टी आपल्याला कोणी देत नाही, ती दरातच धरावी लागते. वर्षाला ६ लाख हवे असतील तर भागाकार ३६५नं करू नका. ५२ रविवार, ३० दिवस सुट्टी, १३ दिवस सण-आजारपण वजा केले की २७० उरतात. त्यातला तिसरा हिस्सा बिलं, चर्चा आणि ‘मानधन कधी?’ हे विचारण्यात जातो. राहिले १८०. दिवसाचा दर ३,३३३ रुपये. ३६५नं भागला असता तर १,६४४ आला असता. लोक स्वस्त का पडतात, ते इथे कळतं. अंकाचं मानधन बरेचदा जाहिरातींची वसुली झाल्यावर येतं, म्हणून सुट्टीचा खर्च त्यावर टाकू नये. निम्मी रक्कम आगाऊ मागावी. मागायला लाजू नये, छापखानाही मागतोच.

पुनर्वापराचंही लेखी असू द्या. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘या अंकापुरता एकदा वापर’ एवढी ओळ ईमेलमध्ये घातली, की पुढे त्याच चित्राचे कथासंग्रहासाठी वेगळे पैसे मागता येतात.

निघण्यापूर्वी टेक्निकल पेनं (एकसारख्या जाडीच्या रेषेची, बारीक नळीच्या निबची) रिकामी करून कोमट पाण्यात बुडवून धुवावीत. वॉटरप्रूफ इंडिया इंकमध्ये बरेचदा लाख (शेलॅक) असते, पंधरा दिवसांत ती बारीक नळीत घट्ट बसते आणि ०.२ मिमीची निब मग बहुतेक वेळा नवीनच घ्यावी लागते.