तुम्ही विचारलंत म्हणून: सुताच्या यादीतली गांधी जयंती

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या दोन-तीन कारखान्यांचा सुताचा हिशेब मी बघतो. माझ्या स्क्रीनवर चौकटीत बसवलेला मजकूर आणि त्याखाली 'जे' या प्रोग्रामिंग भाषेतलं +//. असलं काहीतरी दिसलं की कारखानदार अदबीनं विचारतात, "एक्सेल असताना हे कशाला?" मित्र विचारतात, "काय बे, एक्सेल चोरीला गेलंय का?"

त्याचं असं झालं. आमच्याकडे २/१० सूत येतं, म्हणजे दहा काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेलं. काउंट म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचा आकडा. सूतवाल्याची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साध्या मजकुराची फाइल आली, मी ती एक्सेलात उघडली, किलोची बेरीज पाहिली आणि सेव्ह करून पुढं पाठवली. दुसऱ्या दिवशी गोदामातून फोन: "साहेब, हे दोन ऑक्टोबर नावाचं सूत कुठलं?" सूत आणि गांधी जयंती हा योग जुळला खरा, पण शेजारच्या २/६ चा दोन जून झाला होता, त्याला काय म्हणणार? डिझाइन नंबर ०४५ होता, त्याचं शून्य गळलं होतं. सेव्ह केल्यावर तीच तारीख फाइलीत उतरते, मूळ काउंट कुठेच उरत नाही. माणसाच्या जनुकांच्या नावांचंही एक्सेलनं असंच केलं होतं. 'मार्च १' नावाच्या जनुकाची तारीख व्हायची, म्हणून शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली गेली. आम्हाला सुताचा काउंट थोडाच बदलता येतो!

म्हणून मी 'जे' वापरतो. एपीएल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचे जनक केनेथ आयव्हर्सन यांनी रॉजर हुई यांच्याबरोबर ती १९९० मध्ये केली. एपीएलची खास चिन्हं तिच्यात नाहीत, साधा कीबोर्ड पुरतो. तिच्यात सीएसव्ही वाचली की अख्खा तक्ता एकदम हातात येतो आणि प्रत्येक खणात नुसता मजकूर असतो. २/१० हे २/१०च राहतं. आकडा कशाला म्हणायचं ते मी सांगायचं. किलोच्या रकान्याला तेवढं सांगतो. १,२५,००० मधले आपले लाखाचे स्वल्पविराम ती मुकाट्यानं गिळते. जिथं आकडा वाचता येत नाही तिथं काय भरायचं, तेही मीच ठरवतो. बरेच जण शून्य देतात, मी अनंत देतो. कुणी किलोच्या जागी 'बाकी' लिहून ठेवलं असेल तर एकूण बेरीजच अनंत येते. शून्य दिलं असतं तर ते गपचूप बेरजेत मिसळून गेलं असतं. मग डावीकडे काउंट, उजवीकडे किलो आणि मधे ते +//. ठेवलं की काउंटवार बेरजा तयार. ओळीओळीनं फिरणारा लूप लिहावा लागत नाही.

फाइल स्वल्पविरामावर तोडायचं काम या भाषेत एका ओळीचं आहे, त्यामुळे आधी मी तेच करायचो. पण पत्त्यात स्वल्पविराम असतो. त्याहून वाईट म्हणजे आमचे टॉवेल इंचांत मोजतात, ३०"×६०", आणि इंचाची खूण म्हणजेच सीएसव्हीचं अवतरणचिन्ह. सीएसव्ही कशी लिहायची ते सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजाप्रमाणे ते "३०""×६०""" असं लिहायला हवं. हातानं फाइल बनवणारा कोण असं लिहितो? म्हणून आता मी सूतवाल्यांकडे उभ्या रेघेनं तोडलेली फाइल मागतो आणि 'जे'च्या डीएसव्ही अॅडऑनला, म्हणजे कुठल्याही चिन्हानं तोडलेल्या फाइली वाचणाऱ्या जोडणीला, सांगतो, की उभी रेघ तेवढी मान, अवतरणचिन्ह मानूच नकोस. इंच सुखरूप येतात.

लिहिताना मात्र मीच आपटलो. 'जे'मध्ये उणे आकडा खालच्या रेघेनं लिहितात. परत आलेल्या मालाचा आकडा तसाच _३५० म्हणून गेला आणि खरेदीदाराकडच्या मुलीनं फोन करून विचारलं, "सर, ही रिकामी जागा आम्ही भरायची का?" तेव्हापासून फाइल लिहिण्याआधी खालच्या रेघेचं उणे करून घेतो. फक्त अनंतही तिथं नुसत्या एका खालच्या रेघेनंच लिहितात, त्यामुळे त्याच्याही आधी एखादं 'बाकी' राहिलं नाही ना, ते बघावं लागतं.