पाण्याची गाठ

आंबा उतरवायचे दिवस होते. कलमाखाली उभे राहून बाबा म्हणाले, "तो... तो जाळीचो आण गो." म्हणजे झेला, आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी. चाळीस वर्षं देवगडात हापूस काढणाऱ्या माणसाला झेल्याचं नाव आठवेना! ऊन लागलं असेल, असं मीच म्हटलं. आठवड्याने पेट्यांचा हिशेब लिहिताना उजवा हात झटके देऊ लागला, तेव्हा कणकवली गाठली.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, आत पाणी. "पाण्याची गाठ आहे, इन्फेक्शन असेल," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्हाला हायसं वाटलं. आई कुणकेश्वराला नवस बोलली. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांत तीन आठवडे गेले, बोलणं आणखी अडखळलं. त्या तीन आठवड्यांचा राग अजून जात नाही.

मग परळला काँट्रास्टचा एमआरआय. सर्जननी स्क्रीनवर दाखवलं: आत पू असता तर डिफ्यूजनच्या चित्रात तो पांढरा चमकला असता, इथे काळं दिसतंय. शिवाय कड जाड, खडबडीत. म्हणजे इन्फेक्शन नाही, हे पाणी ट्यूमरच्या गाठीचंच. नुसतं उपसलं तर पुन्हा भरणार.

ऑपरेशनमध्ये पिवळट, चिकट पाणी निघालं. कड मात्र सगळी काढता आली नाही, बोलण्याचा भाग अगदी लगत होता. रिपोर्ट आला: ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड 4, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर. एवढी मोठी पाण्याची पोकळी असलेला हा प्रकार कमी दिसतो म्हणे.

दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहून रेडिएशन केलं. एकूण 60 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), 30 सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. सोबत रोज उपाशीपोटी टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी, त्याआधी उलटीची गोळी. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याने साखर चढली आणि भूक तर अशी की माझ्या ताटातलंही जायचं.

डोकं हलू नये म्हणून सुरुवातीलाच मुखवटा करतात. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवायची, गार झाली की कडक होते. टेक्निशियनने तो हातात दिला. बाबांनी उलटासुलटा करून पाहिला आणि एकदम म्हणाले, "झेलो!" टेक्निशियन माझ्याकडे बघत राहिला.

आता दर 28 दिवसांत पाच दिवस त्याच केमोच्या गोळ्या, अशा सहा फेऱ्या. चौथी चालू आहे. ही गाठ परत येते, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. पुढच्या एमआरआयसाठी तुतारी एक्सप्रेसची तिकिटं काढायची आहेत, पण कलमांना मोहोर आलाय आणि बाबांचा हट्ट आहे, फवारणी उरकूनच निघायचं.