बेदुईनांच्या भूमीतून दक्षिणेकडे: अम्मान ते वादी रम

जॉर्डनला जाणारा प्रवासी सहसा पेत्रा हे खडकात कोरलेले प्राचीन शहर पाहतो, वादी रमच्या वाळवंटात एक रात्र काढतो आणि आपण बेदुईनांकडे राहून आलो असे सांगतो. ते चुकीचे नसते, पण त्यात आपण नेमके कोणाकडे राहिलो याचा उल्लेख क्वचितच असतो. बेदुईन, म्हणजे अरब वाळवंटातील परंपरेने भटके पशुपालक, हा एकजिनसी समाज नाही. त्यांचे अनेक कबिले आहेत, प्रत्येकाचा आपला मुलूख आहे, आणि त्या मुलखातील पाणवठे, चराऊ रान व वाटा यांवर कोणाचा हक्क आहे हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून आम्ही प्रवासाची आखणी प्रेक्षणीय स्थळांऐवजी कबिल्यांच्या मुलखांनुसार केली. पुढे जाणाऱ्यांनीही तसेच करावे असे मला मनापासून वाटते, कारण त्यामुळे पैसा योग्य हातांत पडतो आणि बोलणेही अधिक मोकळे होते.

मुंबईहून आखातातील एखाद्या शहरात विमान बदलून अम्मानला पोहोचता येते. विमानतळाच्या आसपासचा सपाट प्रदेश हा बनी सख्र या मोठ्या कबिल्याचा पारंपरिक मुलूख आहे. दमास्कसहून मक्केला निघणारे हज यात्रेकरूंचे काफिले याच बाजूने जात, आणि त्यांना उंट व संरक्षण पुरवणे हे येथील कबिल्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. 1908 मध्ये दमास्कसहून निघणारी हिजाझ रेल्वे मदीनेपर्यंत पोहोचली आणि त्या उत्पन्नाला धक्का बसला. आज बनी सख्रची कुटुंबे पक्क्या घरांत राहतात, शेती करतात, सैन्यात व सरकारी नोकरीत आहेत. तंबूत राहणारा तोच बेदुईन, ही समजूत येथेच सोडून द्यावी.

आमचा पहिला मोठा मुक्काम फेनानला होता. दाना अभयारण्याच्या पश्चिम टोकाला, डोंगर उतरून वादी अरबाच्या सखल पट्ट्याला मिळतात तेथे ही दरी आहे. प्राचीन काळी तांबे वितळवल्यामुळे साचलेल्या काळ्या मळीचे ढीग आजही वाटेवर पायाखाली येतात. येथील अझाझमा कबिल्याचे लोक मूळचे आजच्या दक्षिण इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटातले असून 1948 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर त्यांच्यातील अनेकांना सीमेच्या या बाजूला यावे लागले. फेनान इकोलॉज या निवासस्थानात रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण होते आणि ते शाकाहारी असते, ही आपल्याकडील अनेकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. शेवटचे काही किलोमीटर खडबडीत रस्त्याने स्थानिकांच्या पिकअपमधून जावे लागतात, त्याचे भाडे चालकालाच मिळते, म्हणून स्वतःची गाडी तेथवर दामटण्याचा आग्रह धरू नये.

फेनानला मेंढपाळासोबत अर्धा दिवस शेळ्यांमागे चालण्याची सोय होते, आणि माझ्या मते जॉर्डनमध्ये घेण्यासारखा याहून चांगला अनुभव नाही. काळ्या शेळीच्या केसांच्या पट्ट्या विणून, त्या एकमेकींना शिवून तयार केलेला तंबू आम्ही तेथे जवळून पाहिला. विणणे आणि तंबू उभारणे ही स्त्रियांची कामे आहेत. आपल्या धनगरांच्या घोंगडीप्रमाणेच हे कापड भिजले की फुगते व वीण घट्ट होते, त्यामुळे पाऊस आत शिरत नाही. उन्हात मात्र ते सैल राहून वारा खेळू देते. आत एका पडद्याने दोन भाग केलेले असतात, एक पुरुषांचा व पाहुण्यांचा, दुसरा स्त्रियांचा व स्वयंपाकाचा. परक्या पुरुषाने पडद्यापलीकडे डोकावणे हा गंभीर अपमान ठरतो. आमच्यातील स्त्रियांना आत बोलावण्यात आले आणि तेथील गप्पा बाहेरच्या बैठकीपेक्षा कितीतरी रंगल्या, असे त्यांनी नंतर सांगितले. स्त्री प्रवाशांनी असे बोलावणे आल्यास अवश्य स्वीकारावे.

कॉफीचे शिष्टाचार आधी माहीत असावेत. वेलदोडा घातलेली कडू, फिकट रंगाची कॉफी बिनकानाच्या लहान पेल्यात घोटभरच ओततात. पेला उजव्या हातानेच घ्यावा. पेला रिकामा करून परत दिला की तो पुन्हा भरला जातो. पुरे झाले असेल तर पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवून द्यावा. तीन पेल्यांपर्यंत घेणे सभ्यपणाचे मानतात, पहिलाच नाकारणे मात्र यजमानाला लागते. चहा याहून सोपा असतो: भरपूर साखरेचा आणि बहुधा सेज या सुगंधी वनस्पतीची पाने घातलेला.

तेथून आम्ही डोंगर चढून पेत्राच्या परिसरात गेलो. पेत्राच्या प्रवेशद्वाराजवळच्या वादी मूसा गावात लियाथना कबिल्याचे लोक राहतात आणि बहुतेक हॉटेले त्याच गावात आहेत. उत्तरेला बैदा येथे, जिला छोटे पेत्रा म्हणतात त्या दरीजवळ, अम्मारीन राहतात. पेत्राच्या गुहांमध्ये पिढ्यानपिढ्या राहणारे होते ते ब्दूल. पेत्राचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्याच वर्षी, म्हणजे 1985 मध्ये, ब्दूल कुटुंबांना गुहांमधून हलवून वरच्या कडेवर बांधलेल्या उम्म सैहून गावात वसवण्यात आले. तेथे वीज, नळाचे पाणी, शाळा व दवाखाना मिळाला. पण घरे अपुरी पडत गेली आणि शेळ्यांना पूर्वीचे रान राहिले नाही. पुढे 2005 मध्ये युनेस्कोनेच पेत्रा व वादी रम येथील बेदुईनांच्या सांस्कृतिक अवकाशाला मानवतेच्या मौखिक वारशाचा अमूल्य नमुना म्हणून गौरवले. ज्या वस्तीमुळे ती संस्कृती जिवंत होती ती वस्ती हलवल्यानंतर वीस वर्षांनी हा गौरव झाला, ही गोष्ट मला पेत्रात फिरताना सतत बोचत राहिली.

म्हणून पेत्रात चहा, गाढव किंवा वाटाड्या यांसाठी ब्दूलांशी होणाऱ्या व्यवहाराकडे निव्वळ उपद्रव म्हणून पाहू नये. ही त्यांच्या जुन्या घराची अंगणे आहेत. तरीही दोन बाबतींत ठाम राहावे. मुलांकडून पोस्टकार्डे व खडे विकत घेऊ नयेत, कारण त्या विक्रीपायी त्यांची शाळा बुडते. आणि जखमी किंवा थकलेल्या जनावरावर बसू नये. मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अद-दैर या वास्तूकडे सुमारे 800 पायऱ्या चढून जावे लागते. त्या वाटेवर दुकान मांडणाऱ्या ब्दूल स्त्रियांकडे बसून चहा घ्यावा आणि पायीच जावे. पावसाळी ढग दिसत असतील तर अरुंद घळीत शिरू नये. नोव्हेंबर 2018 मध्ये अचानक आलेल्या पुरामुळे पेत्रातून हजारो पर्यटकांना बाहेर काढावे लागले होते. अशा वेळी स्थानिक माणूस थांबा म्हणाला तर विनातक्रार थांबावे.

पेत्राहून वादी रम गाडीने साधारण दोन तासांवर आहे. हा सर्व प्रदेश हुवैतात या विशाल कबिल्याच्या प्रभावाखालचा. पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या अरब बंडाच्या सैन्याने जुलै 1917 मध्ये अकाबा बंदर घेतले, तेव्हा त्याच्या अग्रभागी हुवैतातांचा सरदार औदा अबू ताई होता. वादी रममध्ये आज प्रामुख्याने दोन नावे ऐकू येतात: संरक्षित क्षेत्राच्या आतील रम गावातील झलाबिया आणि बाहेरच्या दीसी गावाकडील झुवैदा. हा भेद प्रवाशाच्या थेट कामाचा आहे. दीसीच्या बाजूचे अनेक तळ, म्हणजे पर्यटकांच्या मुक्कामाच्या छावण्या, स्वतःच्या गाडीने गाठता येतात. आतील तळांवर जाण्यासाठी रम गावात गाडी ठेवून यजमानाच्या जीपने जावे लागते. पारदर्शक घुमटांच्या खोल्या बहुतेक बाहेरच्या बाजूला आढळतात. शांतता आणि तारे हवे असतील तर आतला, लहान आणि एका कुटुंबाने चालवलेला तळ निवडावा.

आरक्षणापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: तळ कोणत्या कुटुंबाचा आहे, तो संरक्षित क्षेत्राच्या आत आहे का, आणि जीपच्या फेरीचे दर काय आहेत. राहण्याचा दर फारच कमी दिसत असेल तर फरक फेरीच्या दरातून भरून काढला जातो, हे लक्षात ठेवून दोन्ही मिळून हिशेब करावा. जॉर्डन पास हा परवाना येण्यापूर्वीच ऑनलाइन घेतला आणि देशात किमान तीन रात्री राहिलो तर व्हिसाचे शुल्क माफ होते आणि पेत्रा व वादी रमचा प्रवेश त्यात येतो. पेत्रासाठी किती दिवस हवेत त्यानुसार त्याची किंमत 70 ते 80 दिनार असे. दर आणि भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम बदलतात, तसेच त्या भागातील परिस्थितीही बदलते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दोन्हींची अधिकृत माहिती घ्यावी.

तळावर रात्री झर्ब मिळते. वाळूत पुरलेल्या पिंपात निखारे ठेवून, त्यावर मजल्यामजल्यांची जाळी सोडून, झाकण वाळूने बंद करून मांस व भाज्या शिजवतात. मांसाचा रस भाज्यांवर ठिबकतो, त्यामुळे शाकाहारी प्रवाशांनी आदल्या दिवशीच वेगळ्या भांड्याची विनंती करावी. आमच्या यजमानांनी बटाटे, गाजर व कांदे फॉइलमध्ये गुंडाळून सर्वांत वरच्या जाळीवर ठेवले. राखेत भाजलेली जाड भाकरी, हुमूस ही काबुली चण्यांची चटणी आणि दही यांवरही पोट उत्तम भरते.

खझअली घळीतील भिंतींवर माणसे, पावले व प्राणी कोरलेले आहेत. या संपूर्ण प्रदेशात सुमारे 25,000 शिलाचित्रे आणि 20,000 शिलालेख असल्याचे युनेस्कोची नोंद सांगते. जीपच्या धावत्या फेरीत त्यांतले थोडेच दिसते. शक्य असेल तर एक दिवस उंटाने किंवा पायी फिरण्यासाठी राखून ठेवावा. वाटाड्या तेव्हाच वाळूवरचे माग, औषधी झुडपे आणि कातळातल्या पाणसाठ्यांबद्दल बोलू लागतो. याच भूमीखालच्या दीसी जलस्तरातून 2013 पासून सुमारे 325 किलोमीटर लांबीच्या नळमार्गाने अम्मानला पाणी जाते, आणि वर मात्र शेळ्या पाळणे दुष्काळ व महाग चाऱ्यामुळे कठीण होत चालले आहे. आमच्या वाटाड्याच्या कुटुंबाने कळप कमी केला होता, उंट ठेवले होते, आणि घरखर्च पर्यटनावर चालत होता.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर हे महिने उत्तम. वसंतात काही कुटुंबे शेळ्यांसह गाव सोडून तंबूंत राहायला जातात, म्हणून माझी पसंती मार्चअखेरीला आहे. हिवाळ्यात रात्रीचे तापमान गोठणबिंदूजवळ उतरते; कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. रमजानमध्ये दिवसा लोकांसमोर खाणे-पिणे टाळावे. खांदे व गुडघे झाकतील असे सैल कपडे असावेत, स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि वयस्क यजमानाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने, ‘अबू’ लावून हाक मारावी. रोख दिनार जवळ ठेवावेत. वादी रममध्ये पैसे काढण्याची सोय मिळेल असे गृहीत धरू नये.

ज्यांच्याकडे अधिक वेळ आहे त्यांनी परतताना ईशान्येकडील काळ्या बसाल्ट दगडांच्या वाळवंटाचा विचार करावा. सीरिया, जॉर्डन व सौदी अरबस्तान या तिन्ही देशांत पसरलेले रुवाला त्याच दिशेला भेटतात. ते अनझा या महाकबिल्याची शाखा आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात अनझा व शम्मर या कबिल्यांकडील घोडे बसऱ्यामार्गे मुंबईच्या बाजारात येत असत. तो भाग सीमेलगतचा असल्याने स्थानिक चालकाशिवाय आणि अम्मानमध्ये चौकशी केल्याशिवाय तिकडे जाऊ नये.