एका शिक्क्यासाठी सात महिने

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत काय काय करायला लावतात, असं हल्ली मला क्लासमधली मुलं विचारतात. मी आधी एकच सांगते: घरी जा, ग्रेडिंग बुक (प्रत्येक पट्ट्याच्या परीक्षेची नोंद असलेलं पुस्तक) उघडा आणि प्रत्येक पानावर शिक्का आहे का ते बघा. आजच. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) नंतर.

मी शोतोकान कराटे करते. सुरू केलं तेव्हा तिशी उलटली होती आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत बाकी सगळे माझ्या खांद्याखालचे. दहाव्या क्यूपासून (क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या, उलट मोजतात) पहिल्या क्यूपर्यंतच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. जात राहिले, एकदा पाय मुरगळला, पट्ट्याचे रंग बदलत गेले. ब्राउनच्या तिन्ही पायऱ्या झाल्या, सर म्हणाले, "आता डानचा फॉर्म भर," म्हणजे काळ्या पट्ट्याच्या परीक्षेचा, आणि तिथे गाडी रुतली.

संघटनेच्या कार्यालयातून फॉर्म परत आला. दुसऱ्या क्यूच्या रकान्यात तारीख आहे, परीक्षकांची सही आहे, शिक्का नाही. तिसऱ्याचा आहे, पहिल्याचाही आहे. मधलाच नाही. मी फोन करून विचारलं, दुसरा क्यू झाल्याशिवाय मला पहिल्याच्या परीक्षेला बसू कसं दिलं असेल? पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तेच तर आम्ही विचारतोय, मॅडम."

झालं एवढंच असणार की त्या दिवशी पुस्तकं ओळीने उघडून ठेवली होती, कुणीतरी शिक्के मारत पुढे गेलं आणि माझं पान सुटलं. चूक त्यांची, हे मी आजही म्हणेन. पण घरी आल्यावर मी पट्टा आरशासमोर तीनदा बांधून बघितला होता, पुस्तक एकदाही उघडलं नव्हतं.

तेव्हाचे आमचे सर दुसऱ्या देशात निघून गेले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच पत्र पाठवलं. पत्र परत: परीक्षकाचा नोंदणी क्रमांक नाही. क्रमांक घालून दुसरं पत्र. तेही परत: पत्र ठीक आहे, पण मूळ निकालपत्रक हवं. मी त्या दिवसाचा ग्रुप फोटो पाठवला. माझ्या कमरेला कोरा करकरीत पट्टा, मागे परीक्षक उभे. फोटो ग्राह्य धरता येत नाही. एवढ्यात त्या सत्राची डान परीक्षा होऊन गेली. (दर वेळी फोन केलात की बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. मी चौथ्या फोनपासून लिहायला लागले, म्हणजे पहिले तीन फुकट.)

रागाच्या भरात मी पट्ट्यांचा इतिहास वाचून काढला. डान हे प्रकरण मुळात कराटेचं नाहीच. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये पहिले डान दिले आणि शोतोकानच्या गिचिन फुनाकोशींनी ती पद्धत कराटेत आणली १९२४ मध्ये. त्याआधी ओकिनावात लोक पिढ्यान्‌पिढ्या बिनशिक्क्याचे शिकत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं. हे मी आत्ताच्या सरांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मोकळी आहेस तर उद्यापासून पांढऱ्या पट्ट्यांची रांग घे."

मला ती शिक्षाच वाटली. ज्यांच्याबरोबर फॉर्म भरला ते काळा पट्टा बांधून पुढे उभे, आणि मी मागे हेइआन शोदान शिकवतेय. २१ हालचालींचा काता, पोरं चौथ्या वळणावर एकमेकांवर आदळायची. दुसऱ्या आठवड्यात मी बाजूने रांग बघितली तर झेनकुत्सु दाचीत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून उभं राहणं) सगळ्यांच्या मागच्या टाचा वर. बारा टाचा, एकजात. ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात एक चिमुरडी म्हणाली, "ताई, तुमची पण उठते."

सर मला हेच चार वर्षं सांगत होते. माझं उत्तर ठरलेलं: घोटा कडक आहे, वयाचा प्रश्न आहे. खरं म्हणजे खोल दिसावी म्हणून मी दाची उगाच लांब घेत होते. अर्धं पाऊल आखूड केली आणि टाच बसली. ग्याकु झुकीला (मागच्या हाताच्या ठोशाला) जोर जमिनीतून येतो म्हणतात, तो मला ब्राउन बेल्टच्या शेवटाला पहिल्यांदा लागला. माझी टाच बसली तशी रांगेतल्याही बसायला लागल्या, सगळ्यांच्या नाही.

निकालपत्रकाचं म्हणाल तर ते कार्यालयाला सापडलं नाही, आमच्या जुन्या बॅचला सापडलं. त्या परीक्षेला आम्ही अकरा जण होतो. मी एकेकाला गाठलं, काहींनी तर कराटे कधीच सोडलं होतं, तरी नऊ जणांनी आपापलं पान शोधून पाठवलं. एक काका तेव्हा कागदपत्रं सांभाळायचे. त्यांच्या फायलीत निकालपत्रकाची कार्बन प्रत निघाली, सहीशिक्क्यासकट. ते स्वतः कार्यालयात घेऊन गेले. मला कळवलं ते काम झाल्यावर.

परीक्षा? चाळीस मिनिटं. किहोन (मूलभूत तंत्रं), मग बस्साई दाई हा काता, मग परीक्षकांनी अचानक हेइआन योनदान (चौथा हेइआन) मागितला, कारण खालचे काता विसरलात का ते त्यांना बघायचंच असतं. सगळे पाचही हेइआन ताजे ठेवा. कुमितेत (जोडीदाराबरोबरच्या लढतीत) हल्ला करण्याआधी "जोदान" (डोक्याकडे) मोठ्याने म्हणा, पुटपुटलात तर थांबवतात. नखं आदल्या रात्री कापा. पास झाले. पांढऱ्या पट्ट्यांनी एवढा गोंगाट केला की त्यांना बाहेर काढलं.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. सुरेख कागद, लाल मोहोर, आणि माझ्या आडनावातलं एक अक्षर गायब. दुरुस्तीचा अर्ज मागवला आहे. सोबत जोडायच्या कागदांच्या यादीत पहिलंच नाव: ग्रेडिंग बुक, मूळ प्रत.