९ इंची ड्रेनेज लाइन बदलून घेताना : माझा अनुभव

‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ हा मेसेज आठवला तरी अजून डोकं तापतं. चेंबर उसळला की तक्रार करायची, जेटिंगची (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन मोकळी करणारी) गाडी यायची, पाणी उतरायचं, तक्रार बंद. आठवडा जात नाही तोच पुन्हा घाण रस्त्यावर. तिथून ती पावसाळी गटारात, म्हणजे नाशिकच्या आगरटाकळी मलनिस्सारण केंद्रात न जाता थेट नासर्डी नदीत आणि पुढे गोदावरीत.

दर वेळी शेरा एकच : कचऱ्यामुळे लाइन तुंबली. खरं दुखणं पाइपाच्या मापात होतं. बंगल्यांच्या काळात टाकलेली लाइन, आणि आता दोन्ही बाजूंना सात-सात मजली इमारती. सकाळी सगळे नळ एकदम सुरू झाले की तिचा जीव किती पुरणार?

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून सांगते, जेटिंगवाले झाकण उघडतात तेव्हा वरूनच फोटो काढून ठेवा. आत कुणालाही उतरू देऊ नका. आमच्या फोटोत स्पष्ट दिसत होतं, वरच्या अंगाने येणारा पाइप १२ इंची आणि पुढे जाणारा ९ इंची. ज्युनिअर इंजिनिअर मॅडमनी तो फोटो बघितला आणि पुढचं सगळं सरळ झालं. इस्टिमेट, मंजुरी, टेंडर रीतसर मार्गी लागलं. १८ इंची आरसीसी पाइप ठरला. व्यास दुप्पट झाला की त्याच उतारावर साधारण सहापट पाणी जातं.

अडलं ते रस्ता फोडायच्या परवानगीवर.

रस्त्याचं डांबरीकरण नुकतंच झालेलं, ठेकेदाराची दोष दायित्वाची मुदत, म्हणजे रस्ता बिघडला तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू. आता खोदलं तर उद्या खड्डा पडल्यावर ठेकेदार हात वर करणार, म्हणून रस्त्याच्या खात्यातून फाइल परत. ड्रेनेजवाले म्हणाले, वर्क ऑर्डर तयार आहे, परवानगी आणा. रस्तेवाले म्हणाले, आधी वाहतुकीची ना हरकत आणा. ना हरकत देणारे म्हणाले, खोदकामाची तारीख लेखी द्या. आणि परवानगीशिवाय तारीख कोण देणार? “ताई, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे.” साहेब मीटिंगला. पुन्हा गेलं तर साहेब साइटवर. उन्हाळा सरत चाललेला, आणि पावसाळ्यात रस्ते खोदायला बंदी. म्हणजे जून लागला की थेट दिवाळीनंतर. इकडे तळमजल्यावरच्या आजींच्या बाथरूममध्ये जाळीतून पाणी उलटं येत होतं. त्यांनी जाळीवर पाट ठेवून त्यावर भरलेली बादली ठेवली होती. हे बघून आल्यावर ‘साहेब साइटवर’ ऐकवत नाही हो.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. ‘परवानगी का मिळाली नाही’ असं विचारू नका, उत्तर मिळत नाही. फाइल कोणत्या तारखेला कुणाकडे गेली आणि तिच्यावर काय शेरा आहे, याच्या प्रती मागा. २००५च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रती आल्या. एका टेबलावर फाइल नुसती पडून होती, एक अक्षर न लिहिता!

त्या प्रती जोडून आम्ही तिन्ही खात्यांची संयुक्त पाहणी मागितली, आणि वेळ सुचवली सकाळी आठची. त्या वेळी चेंबर उसळतोच. सगळे साहेब उभे असताना पाणी झाकणातून वर आलं आणि त्यांच्या बुटांपर्यंत पोचलं. तिथेच ठरलं : रात्री काम, एका वेळी अर्धा रस्ता बंद, आणि दायित्वातून फक्त खोदलेला पट्टा वगळायचा. हे सगळं त्याच दिवशी लेखी घेतलं, याचं मला फार समाधान आहे.

प्रत्यक्ष काम भराभर झालं. खाली काळा पाषाण लागला, ब्रेकरने रात्रभर झोप उडवली, पण कुणी कुरकुर केली नाही. वरच्या चेंबरमधलं पाणी पंपाने पुढच्या चेंबरमध्ये टाकत पाइप बसवले.

एक सांगायचं राहिलं. ‘अजून मोठा पाइप टाका’ असा हट्ट धरू नका. उतार कमी असेल तर मोठ्या पाइपात पाणी रेंगाळतं. वेग सेकंदाला ०.६ मीटर तरी हवा, नाहीतर गाळ बसतो. चर बुजवताना मात्र स्वतः उभे राहा. मुरूम थराथराने, पाणी मारून दाबायला लावा. आणि जुनी लाइन बंद करण्याआधी प्रत्येक इमारतीचं कनेक्शन नव्या लाइनला जोडलंय का, ते बादलीभर रंगीत पाणी सोडून बघा. आमच्या शेजारच्या इमारतीचं राहून गेलं होतं, ते असंच सापडलं.