आजीचा प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि लिहायला बसल्यावर मन आपल्या मराठीच्या सरांपाशीच थांबले.

१९९१ साली मी नववीत होतो. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ साली ज्या फैजपूरला झाले, तेथेच आमची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता ‘केळीला पाटपाणी नको, ठिबक हवे’. यावल-रावेर पट्ट्यातील विहिरी खोल जात होत्या, तरी पाटाने तुडुंब भिजलेली बाग पाहिल्याशिवाय आमच्या घरातील मोठ्यांचे समाधान होत नसे. मी नऊ पाने लिहिली. आरंभी सुभाषित, मध्ये दोन कविता. सरांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, “हे ऐकून तुझे काका पाट मोडतील का? आधी घरी आजीला समजावून सांग, मग माझ्याकडे ये.”

आजीने शेंगा सोलता सोलता सगळे ऐकले आणि एवढेच म्हणाली, “नळी बुजली त मंग काय करशीन?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. सरांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची सायकल देऊन मला ठिबक बसवलेल्या एका शेतकऱ्याकडे धाडले. त्यांनी बुजलेली तोटी माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर घट्ट बसला होता. मग गाळणी उघडून जाळीवरचा गाळ धुऊन दाखवला आणि आम्लाचे पाणी सोडून नळ्या कशा मोकळ्या करतात, तेही सांगितले. भाषणाची सुरुवात आजीच्या प्रश्नानेच करायची, असे सरांनी ठरवले, कारण ज्याला पटवायचे आहे त्याची शंका आपणच आधी बोलून दाखवली की तो ऐकायला मोकळा होतो, असे ते म्हणत. नऊ पानांची तीन झाली. शाळा सुटल्यावर मी ओट्यावरून बोलत असे आणि सर मैदानाच्या टोकाला हापशाजवळ उभे राहत. शब्द ऐकू आला नाही की हात वर करत आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

स्पर्धेत मी खिशातून तीच तोटी काढून दाखवली, तेव्हा मागे बसलेले पागोटेवाले शेतकरी पुढे वाकले. दुसरा क्रमांक मिळाला.

आज कृषी खात्यात चोवीस वर्षे झाली. गावोगावच्या मेळाव्यांत अनुदानाची माहिती सांगण्यापूर्वी मी अजूनही समोरच्यांच्या शंका मांडतो. अलीकडे एका स्पर्धेला परीक्षक होतो. मुले खड्या आवाजात बोलली, परंतु बहुतेकांची भाषणे मोबाइलवरून उतरवून पाठ केलेली होती. त्यांना कोणी आजीकडे पाठवले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

पुढे सर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. त्यानंतरच्या मृगबागेच्या वेळी काकांनी एका एकरात ठिबक अंथरले आणि पाटावरून नांगर फिरवला. त्याच आठवड्यात सरांना कळवायचे म्हणून मी कार्ड आणले, पण ते लिहायचे राहून गेले आणि आता सर नाहीत. म्हणून येथे लिहितो : सर, काकांनी पाट मोडला.