भाद्रपदात वाळवलेली सफरचंदं

वाळवणाचं ऊन आणि सफरचंदाचा हंगाम आपल्याकडे कधी जुळतच नाही. पापड-कुरडया वाळतात चैत्र-वैशाखात, आणि तेव्हा बाजारात असतात ती शीतगृहातली सफरचंदं, महाग आणि पुष्कळदा पिठूळ. हिमाचलचा नवा माल पुण्यात येतो श्रावण-भाद्रपदात. तेव्हा गच्चीवर हातरुमालसुद्धा वाळत नाही. म्हणून मी डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेनं फळं वाळवणारं विजेचं यंत्र, घेतला.

घ्यायचं खरं कारण मात्र बाबांचा दमा. त्यांना सुकवलेली सफरचंदं फार आवडतात. पण विकतच्या चकत्या इतक्या पांढऱ्या राहतात, कारण बऱ्याच वेळा त्यांना सल्फर डायऑक्साइड लावलेला असतो, आणि सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते. पाकिटावर आयएनएस, म्हणजे खाद्यपदार्थात मिसळलेल्या घटकाचा क्रमांक, २२० ते २२८ यांतला दिसला की तो सल्फाइटच. घरात दमेकरी असेल तर ही बारीक अक्षरं वाचायलाच हवीत.

फळवाले दादा दरवेळी म्हणतात, "ताई, रॉयल न्या, साखरेसारखं गोड आहे." मी म्हणते, "दादा, गोड राहू दे, कडक आणि जरा आंबटसर बघून द्या." वाळल्यावर गोडी आपोआप दाट होते, आंबटपणा मुळात असेल तरच चव उठते. पिठूळ फळाच्या चकत्या जाळीवरून काढतानाच मोडतात. बाहेरच्या देशातून आलेल्या चकचकीत फळांवर बहुधा मेणाचा थर असतो. त्यातून पाणी लवकर सुटत नाही, त्यामुळे त्यांची साल काढलेलीच बरी. तशीही वाळल्यावर साल चिवट होते, आणि बाबांच्या दातांचा विचार करून मी सगळीच सोलते.

मधला बियांचा भाग काढायचा आणि बटाट्याच्या चिप्सच्या किसणीवर चकत्या पाडायच्या. जाडी पाच-सहा मिलीमीटर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सारख्या हव्यात, नाहीतर पातळ कुरकुरीत होतात आणि जाड ओल्या राहतात. कापलेलं सफरचंद हवेशी गाठ पडली की काळं पडू लागतं. म्हणून समसमान लिंबूरस आणि पाण्यात चकत्या पाच-दहा मिनिटं बुडवायच्या, निथळायच्या, फडक्यावर टिपायच्या. तरी रंग फिकट तपकिरी येतोच. घरच्या चकत्यांचा रंग तोच, तो मला आवडतो.

पावसाळ्यात हे यंत्र चालतं कसं, याचं मला आधी कोडं होतं. बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली तर ती हवा नुसती ओढून काय वाळणार? पण तीच हवा ५७ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १६-१७ टक्क्यांवर उतरते. पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेची तहान कितीतरी वाढलेली असते. भाद्रपदात पेटीभर वैशाख तयार होतो म्हणा ना! उष्णता आतलं पाणी बाहेर आणते, पंखा ते उडवून नेतो, आणि यात पंख्याचं काम मला अधिक मोलाचं वाटतं.

म्हणूनच आच वाढवून घाई करू नये. ५७ अंशांच्या खूप वर गेलं की वरचा थर आवळून बसतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. अशी चकती दिसायला सुकी असते, पण डब्यात बुरशी धरते. चकत्या एकमेकींवर येऊ द्यायच्या नाहीत. पंखा तळाशी असेल तर खालचे ट्रे आधी वाळतात, त्यामुळे अधूनमधून त्यांची वर-खाली अदलाबदल करायची. सहा ते बारा तास लागतात, दमट दिवसांत बाराच्या जवळ.

झालं की नाही, हे घड्याळाला विचारू नये. गरम चकती नेहमी असते त्याहून मऊ लागते, तेव्हा एक काढून आधी गार होऊ द्यावी. मग मधोमध फाडायची आणि फाटलेली कड दोन बोटांत दाबायची. पाण्याचा एकही थेंब दिसता कामा नये. ती वाकली पाहिजे, तुटायला नको, आणि दुमडल्यावर चिकटायला नको. कडेला बारीक सुरकुत्या, मध्ये किंचित स्पंजासारखा गर, अशी असली की जमली.

तरी लगेच साठवून ठेवायच्या नाहीत. पूर्ण गार चकत्या काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून, झाकण लावून आठवडाभर रोज हलवायच्या. जास्त ओल राहिलेल्या चकत्या आपली ओल कोरड्यांना देतात आणि सगळ्या सारख्या होतात. काचेवर आतून दव दिसलं तर सरळ पुन्हा यंत्रात. आमच्याकडच्या हवेत उघडी राहिलेली बरणी तासाभरात सादळते, म्हणून मी मोठ्या बरणीऐवजी छोट्या बाटल्या भरते.

किलोभर सफरचंदांच्या जेमतेम दीडशे ग्रॅम चकत्या होतात. क जीवनसत्त्व बरंचसं जातं, चोथा राहतो, आणि साखर तर सगळीच राहते. आठ-नऊ चकत्या म्हणजे एक अख्खं सफरचंद. आईला मधुमेह आहे, त्यामुळे तिच्या वाट्याच्या चार चकत्या मी वेगळ्या वाटीत काढून ठेवते. बाबांच्या बाटलीवर मात्र कोणाचं लक्ष नसतं.